ज्येष्ठांच्या हाती मोबाईल देताना: मांडणी, शिकवणी आणि मर्यादा

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला स्मार्टफोन घेऊन दिला, त्यात चार ॲप टाकून दिली आणि "आता सगळे यातच आहे" असे सांगितले, की आपले काम झाले असे अनेकांना वाटते. खरे काम तेथून सुरू होते. तोच फोन एखाद्या आजींचा दिवस माणसांनी भरून टाकतो, तर दुसऱ्या एखाद्या आजोबांना रोज नवी धास्ती देतो. हा फरक यंत्राच्या किमतीने पडत नाही आणि केवळ वापराच्या तासांनीही पडत नाही. यंत्र ज्याच्या हातात आहे त्याच्याच ताब्यात आहे का, की ते शेजारी बसलेल्या मुलाच्या, सुनेच्या किंवा पलीकडच्या अनोळखी आवाजाच्या ताब्यात आहे, यावर तो बराचसा ठरतो. पुढील मार्गदर्शन मुख्यतः मदत करणाऱ्या घरच्यांसाठी आहे. स्वतःहून शिकू पाहणाऱ्या ज्येष्ठांनाही त्यातील बहुतेक भाग थेट उपयोगी पडेल.

संशोधन काय सांगते, हे आधी थोडक्यात पाहू, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती फार होते. २०२५ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात ५७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात चार लाखांहून अधिक प्रौढांची माहिती होती आणि डिजिटल साधने वापरणाऱ्यांमध्ये बौद्धिक क्षमता ढासळण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. मात्र असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ज्यांची बुद्धी तल्लख आहे तेच फोन अधिक वापरत असतील, हीही शक्यता उरते. त्यापेक्षा मला २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'प्रिझम' हा अमेरिकेतील प्रयोग अधिक बोलका वाटतो. एकट्या राहणाऱ्या आणि एकाकी पडण्याचा धोका असलेल्या ३०० ज्येष्ठांपैकी काहींना मुद्दाम सोपी केलेली संगणक प्रणाली देण्यात आली, तर उरलेल्यांना साधारण तशीच माहिती कागदी वहीत देण्यात आली. सहा महिन्यांनी संगणक मिळालेल्यांचा एकाकीपणा अधिक कमी झाला होता, पण वर्ष संपेपर्यंत दोन गटांतील हा फरक ओसरला. साध्या मांडणीचा आणि शिकवणीचा उपयोग होतो, पण तो आपोआप टिकत नाही, एवढे यातून घ्यावे.

आधी हेतू ठरवा

फोन किंवा टॅबलेट घेण्यापूर्वी ज्येष्ठ व्यक्तीला एकच प्रश्न विचारावा: "हे यंत्र हाती आले तर तुम्हाला काय करायला आवडेल?" उत्तर नेमके असावे. परगावच्या बहिणीचा चेहरा पाहायचा आहे, वर्तमानपत्रातील अक्षरे मोठी करून वाचायची आहेत, तरुणपणी ऐकलेली गाणी पुन्हा ऐकायची आहेत, असे एखादे उत्तर आले की तोच पहिला धडा. उत्तर येत नसेल तर घाई करू नये. "तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळेल" किंवा "तुमची बिले तुम्हीच भरू शकाल" हे हेतू आपल्या सोयीचे आहेत. ते चुकीचे नाहीत, परंतु केवळ त्यांच्या जोरावर कोणीही उत्साहाने शिकत नाही.

डोळे, कान आणि बोटे

शिकण्यातील अडचणींपैकी बऱ्याचशा अडचणी बुद्धीच्या नसून इंद्रियांच्या असतात, आणि घरचे लोक नेमके हेच विसरतात. "आईला समजतच नाही" असे म्हणण्यापूर्वी आईला स्क्रीन दिसते का, ऐकू येते का आणि तिचे बोट स्क्रीनला कळते का, हे तपासावे.

चाळिशी लागते तेव्हा डोळ्यातील भिंग ताठर होऊ लागलेले असते. पुढे वयानुसार बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होते. विशीतील डोळ्याच्या तुलनेत साठीतील डोळ्याच्या पडद्यावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून केवळ अक्षरे मोठी करून भागत नाही; अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक ठळक असावा लागतो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी हा फरक किमान ४.५ ला १ असावा असे सांगतात, तरीही पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे छापण्याची हौस अनेक ॲपना आहे. ती ॲप तरुण डोळ्यांनी तरुण डोळ्यांसाठी केलेली आहेत, दुसरे काय म्हणणार! फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' किंवा 'सुलभता' असा विभाग असतो. तेथे अक्षरांचा आकार, ठळकपणा आणि रंगांतील फरक वाढवता येतो. अक्षरे एकदम सर्वांत मोठी करू नयेत, कारण मग 'पाठवा' किंवा 'रद्द करा' अशी बटणे स्क्रीनच्या बाहेर जातात आणि ज्येष्ठ व्यक्ती नसलेले बटण शोधत बसते. एक पायरी वाढवावी, रोजच्या वापरातला एखादा खरा निरोप उघडून तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे आणि मग पुढची पायरी ठरवावी.

चष्म्याचाही विचार करावा. वाचण्याचा चष्मा हातात धरलेल्या पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असतो, तर टेबलावरील संगणक त्याहून लांब असतो. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणारी व्यक्ती खालच्या भागातून पडदा पाहण्यासाठी मान मागे टाकते आणि संध्याकाळी मान दुखण्याची तक्रार करते. संगणकाचा पडदा थोडा खाली आणि किंचित मागे कललेला ठेवला तरी हा त्रास बराच कमी होतो. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, आणि उतारवयात डोळे आधीच कोरडे झालेले असतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे सहा मीटर लांब पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. अक्षरे पुरेशी मोठी करूनही धूसर दिसत असतील तर सेटिंगशी खेळत न बसता मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरील आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोग्या १४ जोखमींमध्ये उपचार न झालेल्या दृष्टिदोषाची नव्याने भर पडली. श्रवणदोष त्या यादीत आधीपासून आहे.

वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. 'स', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असल्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. पारंपरिक टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पलीकडे पोहोचवत असे. इंटरनेटवरील कॉलमध्ये हा पट्टा बहुधा अधिक रुंद असतो आणि व्हिडिओ कॉलमध्ये बोलणाऱ्याचे ओठही दिसतात. साध्या कॉलला "हो, हो" म्हणून वेळ मारून नेणारे आजोबा व्हिडिओ कॉलवर नीट उत्तरे देतात, यामागे हेही कारण असू शकते. मात्र त्यासाठी कॉल करणाऱ्यांनीही शिस्त पाळावी. खिडकीकडे पाठ करून बसू नये, कारण मग चेहरा काळा दिसतो. एका वेळी एकानेच बोलावे. मुलांनी फोन हातात घेऊन घरभर पळू नये. रिंगटोन किणकिणाटी न ठेवता खालच्या पट्टीची निवडावी. श्रवणयंत्र ब्लूटूथचे असल्यास ते फोनला जोडून घ्यावे, आणि संवादाचा मजकूर स्क्रीनवर उमटवणारी सोय फोनमध्ये असेल तर ती सुरू करून दाखवावी.

बोटांचा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. आजच्या स्क्रीनला दाब कळत नाही. बोटाच्या त्वचेमुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल कळतो. वयानुसार त्वचा कोरडी होते आणि मग स्पर्श नोंदलाच जात नाही. माणूस साहजिकच अधिक जोराने आणि अधिक वेळ दाबतो. येथून गोंधळ सुरू होतो, कारण लांबलेला स्पर्श हा फोनच्या दृष्टीने वेगळाच हुकूम असतो. समजा, आजींना मुलीला फोन लावायचा आहे. त्या फोनच्या चित्रावर (आयकॉनवर) बोट ठेवतात, काही होत नाही म्हणून तसेच दाबून धरतात. चित्रे थरथरू लागतात किंवा एक छोटी यादी उघडते. घाबरून बोट काढताना ते थोडे सरकते आणि ते चित्र दुसऱ्याच पानावर जाऊन बसते. आजींच्या लेखी फोन बिघडला, आणि तोही त्यांच्या हातून. वास्तविक सुलभतेच्या विभागात स्पर्श किती वेळ टिकला म्हणजे 'दाबून धरले' असे समजावे, हे वाढवून ठेवण्याची सोय असते. ही एक गोष्ट आजच करावी. हात कापत असतील तर रबरी टोकाची लेखणी वापरून पाहावी, आणि मुख्य पानावरील चित्रे जागच्या जागी कुलूपबंद करण्याची सोय असल्यास ती चालू करावी. काही अँड्रॉइड फोनमध्ये मोठ्या चित्रांची सोपी मांडणी असते. ॲपलने २०२३ मध्ये आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीसोबत 'असिस्टिव्ह ॲक्सेस' ही तशीच सोय आणली.

शिकवताना

पहिला धडा व्हिडिओ कॉलचा नको. मागे कसे यायचे, याचा असावा. कुठेही गेलो तरी एका बटणाने घरी परतता येते ही खात्री पटली की माणूस धीटपणे पुढे जातो. अनेक नव्या फोनमध्ये ही बटणे काढून टाकून कडेवरून बोट ओढण्याची पद्धत ठेवलेली असते. ती ज्येष्ठांसाठी त्रासदायक आहे, कारण स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि सगळे लक्षात ठेवावे लागते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये बहुधा तळाशी तीन बटणे परत आणता येतात, ती आणावीत.

शिकवणाऱ्याने स्वतःचे हात पाठीमागे ठेवावेत. हा नियम सोपा वाटतो, पण पाळणे फार कठीण आहे. ज्येष्ठ व्यक्ती बटण शोधत असताना आपली बोटे शिवशिवतात, आपण फोन ओढून घेतो, तीन टिचक्यांत काम करतो आणि "बघा, झाले" म्हणतो. पाहणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की हे काम दुसऱ्याचे आहे. तोंडाने सांगावे, बोटाने दाखवावे, पण स्पर्श शिकणाऱ्यानेच करावा, मग कितीही वेळ लागो. "हे तर किती सोपे आहे" हे वाक्य वर्ज्य समजावे; सोपे असूनही जमले नाही, असा त्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो.

एका बैठकीत एकच काम घ्यावे आणि ते लागोपाठ दहा वेळा घोटून घेण्याऐवजी काही वेळा आज, पुन्हा उद्या, मग तीन-चार दिवसांनी आणि नंतर आठवड्याने करून घ्यावे. मध्ये अंतर सोडून केलेली उजळणी अधिक टिकते, ही गोष्ट हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडली होती. उतारवयात एकाच वेळी अनेक गोष्टी मनात धरून ठेवण्याची क्षमता घटते, पण हातांना लागलेले वळण तुलनेने चांगले टिकते. म्हणून समजावून सांगण्यापेक्षा करून घेण्यावर भर द्यावा. तुम्ही सुबक टंकलेखन करून चिकटवलेल्या सूचनांपेक्षा त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिलेल्या पायऱ्या अधिक उपयोगी पडतात. "हिरव्या रंगाचे चौकोनी चित्र, मग वरचा कॅमेरा" हे त्यांचे वर्णन तांत्रिक नावापेक्षा नेमके असते. टंकलेखन जड जात असेल तर आपल्या भाषेत बोलून मजकूर उमटवण्याची सोय आधी दाखवावी. अनेकांची फोनशी मैत्री तेथेच होते.

ॲप अद्ययावत झाले की बटणांच्या जागा बदलतात आणि महिन्याभराची मेहनत एका रात्रीत वाया गेल्यासारखी होते. सुरक्षेसाठी नव्या आवृत्त्या घ्याव्याच लागतात. मात्र शक्य असेल तेथे त्या आपोआप न घेता, महिन्यातून एकदा शेजारी बसून घ्याव्यात आणि काय बदलले ते लगेच दाखवावे.

माणसे, निरोप आणि अफवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्येष्ठांपैकी साधारण चौथ्या भागाला सामाजिक एकाकीपणाला तोंड द्यावे लागते. त्यावर फोन हा उपाय ठरतो तो माणसे जोडली जातात तेव्हा. नुसते चित्रफितींमागून चित्रफिती सरकवत बसल्याने घरात आवाज होतो, सोबत होत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होणारा कॉल हा "वेळ मिळेल तेव्हा करतो" यापेक्षा कितीतरी मोलाचा असतो, कारण त्याची वाट पाहता येते. कॉलमध्ये "जेवलात का, औषध घेतले का" एवढेच नसावे; त्यांच्याकडून काही मागावे. एखादी जुनी हकिकत, नात्यागोत्यातील एखादा तपशील, शिवणातली एखादी युक्ती असे काही विचारले तर फोन त्यांना देणाऱ्याच्या भूमिकेत आणतो. व्हिडिओ कॉल सुरू झाला म्हणून प्रत्यक्ष भेटी कमी करू नयेत, हे सांगावे लागू नये, पण लागते.

फॉरवर्डचा प्रश्न नाजूक आहे. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीसंदर्भातील एका अभ्यासात, जो २०१९ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' मध्ये प्रसिद्ध झाला, ६५ वर्षांवरील फेसबुक वापरकर्त्यांनी खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांवरील मजकूर सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट अधिक पुढे पाठवल्याचे दिसले; त्याच अभ्यासानुसार बहुसंख्य लोकांनी, कोणत्याही वयाच्या, असे काही पाठवलेच नव्हते. म्हणून सरसकट ज्येष्ठांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांचे आयुष्य छापील शब्दावर विश्वास ठेवण्यात गेले, त्यांना कोणीही काहीही छापू शकतो हे नव्याने शिकावे लागते. कुटुंबाच्या गटात सर्वांसमोर "हे खोटे आहे" असे सुनावू नये. खासगीत फोन करून "हे तुम्हाला कोणी पाठवले, आपण एकत्र तपासू" असे म्हणावे. आरोग्याविषयीचा मजकूर वाचून कोणी चालू औषध बंद करत असेल, तर मात्र भीड न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

झोप, शरीर आणि आकड्यांची धास्ती

रात्रीच्या निळ्या प्रकाशाबद्दल खूप लिहिले जाते. डोळ्यातील ज्या पेशी शरीराला दिवस-रात्रीची वेळ कळवतात, त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, हे खरे आहे. परंतु वृद्ध डोळ्याचे पिवळसर भिंग निळा प्रकाश मुळातच कमी आत सोडते. त्यामुळे स्क्रीनचा रंग पिवळा करून निश्चिंत होऊ नये. झोप उडवण्यात अस्वस्थ करणाऱ्या बातम्यांचा आणि एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींचा वाटाही मोठा असतो. आपोआप पुढची चित्रफीत सुरू होण्याची सोय बंद करावी. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा हा सल्ला तरुणांना ठीक आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला रात्री तोच आधार असतो. त्यांच्यासाठी फोन उशाशी ठेवून रात्रीची शांतता सुरू करावी आणि निवडक चार-पाच जणांचेच कॉल वाजतील अशी व्यवस्था करावी. दिवसा, सेटिंगमधील नोटिफिकेशनची यादी उघडून, ज्या कोणा माणसाकडून येत नाहीत त्या सर्व सूचना बंद कराव्यात.

चालताना फोन पाहू नये आणि वाजला तरी उठून धावू नये. फोन घेण्यासाठी घाईने उठताना पडणे ही दुर्मीळ घटना नाही. "मी परत करतो" एवढे पलीकडच्याला कळले की पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व शक्ती वाढवण्याचे व्यायाम करावेत. फोनवरचा वेळ या वेळातून कापला जात असेल, तर तो जास्त झाला असे समजावे.

मनगटावरील घड्याळे पडण्याची नोंद घेतात, नाडीची अनियमितता सुचवतात आणि काही वेळा खरोखर जीव वाचवतात. परंतु मोजलेल्या प्रत्येक आकड्याकडे संकट म्हणून पाहणाऱ्या व्यक्तीला असे घड्याळ आजारी पाडते. दिवसातून पंधरा वेळा रक्तदाब किंवा प्राणवायू मोजला जात असेल, तर डॉक्टरांकडून मोजण्याच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि बाकी वेळ यंत्र कपाटात ठेवावे. रक्तदाब मनगटापेक्षा दंडावर पट्टा बांधून मोजणाऱ्या यंत्राने पाहणे अधिक भरवशाचे असते. मेंदू तल्लख करण्याचे दावे करणाऱ्या खेळांवर फार पैसे घालवू नयेत. अशा खेळांच्या एका मोठ्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसोबतच्या तडजोडीत २० लाख डॉलर भरावे लागले होते. आवड म्हणून शब्दकोडे सोडवावे. औषध म्हणून नको.

फसवणूक

एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या इंटरनेट गुन्हे विभागाकडे २०२४ मध्ये ६० वर्षांवरील व्यक्तींनी सुमारे ४.९ अब्ज डॉलरच्या नुकसानीच्या तक्रारी नोंदवल्या. हे ज्येष्ठ अडाणी होते असे मानणे ही मोठी चूक ठरेल. फसवणूक करणारा तीन गोष्टी एकत्र आणतो: अधिकाराचा आवाज, संकटाची भीती आणि घाई. पोलीस बोलतो आहे, नातू अडकला आहे, खाते आजच बंद होणार आहे. आणि चौथी गोष्ट म्हणजे "कोणाला सांगू नका". आता नातेवाइकाच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते, त्यामुळे ओळखीचा आवाज हा पुरावा राहिलेला नाही.

यावर शंभर प्रकारांची यादी पाठ करून घेणे निरुपयोगी आहे, कारण प्रकार दर महिन्याला बदलतात. एकच वळण लावावे: पैसे, ओटीपी, पिन किंवा घाई यांपैकी काहीही आले की फोन ठेवायचा आणि वहीतल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावायचा. फोन मध्येच ठेवणे हे अनेक ज्येष्ठांना उद्धटपणाचे वाटते, आणि पलीकडचा माणूस नेमक्या त्याच सभ्यतेवर विसंबून असतो. म्हणून "मी माझ्या मुलीला विचारून सांगतो" हे एक वाक्य म्हणून फोन ठेवण्याचा घरात खरोखर सराव करावा. घरच्यांपुरता एक गुप्त शब्द ठरवावा. रोजच्या व्यवहारांचे खाते वेगळे ठेवून त्यात मोजकीच रक्कम ठेवावी आणि व्यवहारांवर मर्यादा घालून घ्यावी. दुसऱ्याला आपली स्क्रीन पाहू देणारे कोणतेही ॲप कोणाच्याही फोनवरील सांगण्यावरून टाकू नये.

फसवणूक झालीच, तर आधी बँकेला कळवून खाते गोठवावे, मग पोलिसांत तक्रार करावी, निरोप आणि क्रमांक पुसू नयेत, फोन इंटरनेटपासून तोडून तपासून घ्यावा आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. या क्रमात "तुम्ही असे कसे केलेत" हा प्रश्न कोठेही नाही. तो ऐकावा लागेल या भीतीनेच लोक पहिले काही तास गप्प राहतात, आणि पैसे परत मिळण्याची शक्यता त्या तासांतच सर्वाधिक असते.

पाळत आणि नकार

घरात कॅमेरा बसवणे किंवा फोनवरून ठावठिकाणा पाहणे हे सुरक्षिततेसाठी उपयोगी आहे, परंतु ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला विचारल्याशिवाय ते करू नये. कोण पाहणार, केव्हा पाहणार, कोणत्या खोलीत कॅमेरा नसेल आणि तो बंद करण्याचे बटण कोठे आहे, हे आधी बोलून ठरवावे. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागलेल्या व्यक्तीशी ही चर्चा लवकर, तिला नीट समजत असतानाच करावी.

काही महिन्यांनी शांतपणे आढावा घ्यावा. तुमच्या मदतीशिवाय ज्येष्ठ व्यक्ती आता कोणती कामे करते? फोन ठेवल्यावर चेहरा कसा असतो? झोप, फिरणे, शेजाऱ्यांकडे जाणे वाढले की घटले? पूर्वी सहज जमणारे काम अचानक जमेनासे झाले असेल, तर तो फोनचा प्रश्न नसून प्रकृतीचा असू शकतो आणि डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे.

काही जणांना हे सारे नकोच असते, आणि तो नकार पूर्ण विचारांती आलेला असू शकतो. त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा साधा फोन घ्यावा, बँकेची व दवाखान्याची कामे प्रत्यक्ष जाऊन किंवा कागदावर करण्याची वाट शक्य तितकी उघडी ठेवावी आणि ती बंद होत असेल तर त्यांच्या वतीने तक्रार करावी. स्मार्टफोन वापरणारे असोत वा न वापरणारे, सर्वांसाठी एक कागद मात्र तयार करावा: घरच्यांचे व डॉक्टरांचे क्रमांक, चालू औषधे, रक्तगट आणि ॲलर्जी असे सारे ठळक अक्षरांत लिहून दाराजवळ लावावे, आणि हाच मजकूर फोनच्या आपत्कालीन माहितीत भरावा, म्हणजे कुलूपबंद फोनवरूनही मदतीला आलेल्या माणसाला तो वाचता येईल.